टेप कुणाची, गाणं कुणाचं?



या वेळचा लेख उशिरा देतोय. ज्या विषयावर लिहायचं ठरवलं होतं तोच घरात मिटत नव्हता. मे महिन्यापासून आमच्याकडे त्यावरून चर्चा, मग वाद आणि शेवटी दोन महिने अबोला झाला. आता सगळे एकमेकांशी बोलतात, म्हणून लिहायला हरकत नाही.

आमचे धाकटे काका निपाणीत व्हिडिओ शूटिंग करायचे. १९८९ ते २००६ अशी सतरा वर्षं. लग्न, मुंज, वास्तुशांत, गणेशोत्सव, शाळेचं गॅदरिंग, तंबाखूच्या वखारीची पूजा, काहीही. पॅनासॉनिकचा तो खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा आणि हॅलोजन धरून मागे चालणारा एक पोरगा एवढा संसार. तुमच्या मावशी-आत्यांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरा-नवरी बदामातून बाहेर येत असतील, तर तसं करणारी पिढी म्हणजे आमचे काका. लोक डिजिटलकडे वळले तसं त्यांनी दुकान बंद केलं आणि कॅसेट पत्र्याच्या ट्रंकेत भरून माळ्यावर टाकल्या.

मे महिन्यात सुट्टीला गेलो तेव्हा ती ट्रंक खाली काढली. एकूण ७१ कॅसेट निघाल्या. बहुतेक लग्नांच्या जादा कॉपी, पण १४ कॅसेटवर काकांच्या अक्षरात गाण्याच्या कार्यक्रमांची नावं होती आणि त्यातल्या नऊ एकाच व्यक्तीच्या होत्या. लेबलवर नुसतं 'बाई' एवढंच. निपाणीत त्या काळी 'बाईंकडे जाते' म्हटलं की गाणं शिकायला जाते, हे आपोआप कळायचं. मी त्यांचं नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

बाई कोल्हापूरला जाऊन-येऊन गाणं शिकल्या. जयपूर घराण्याची तालीम. त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली नाही, कॅसेट निघाली नाही. माझी आई त्यांच्याकडे सहा वर्षं शिकली आणि मी त्या क्लासात सतरंजीवर झोपून मोठा झालो. २००४ साली बाई गेल्या. म्हणजे त्यांच्या गाण्याचं जे काही चालत्या-बोलत्या रूपात शिल्लक आहे ते सगळं या नऊ कॅसेटमध्ये.

माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल तर थोडं सांगून ठेवतो. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ साली उत्पादन थांबवलं. आता मशीन मिळतं ते जुनंच, आणि ते दुरुस्त करणारा माणूस मशीनपेक्षा दुर्मिळ. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका, नाहीतर हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या टेपलाही बुरशी लागते. तीन तासांची टेप उतरवायला तीनच तास लागतात, त्याला शॉर्टकट नाही. मी बेंगळुरात शनिवार-रविवार हेच करत बसलो. नऊपैकी सात उतरल्या. एक अर्धी गेली, एक पूर्ण गेली.

उतरलेल्यातली १९९८ च्या गणेशोत्सवातली मैफल सर्वांत चांगली होती. ती तीन भाग करून मी एका व्हिडिओच्या संकेतस्थळावर चढवली. माहितीत बाईंचं नाव, गावाचं नाव, काकांना श्रेय, सगळं नीट लिहिलं. पुढच्या चार दिवसांत तीन ठिकाणांहून मालक उगवले.

पहिला मालक होता एक यंत्र. कुठल्यातरी संगीत कंपनीच्या नावाने नोटीस आली की पहिल्या भागातली सुरुवातीची दीड मिनिटं त्यांच्या मालकीची आहेत. त्या दीड मिनिटात बाई घसा साफ करतात, तबलजी हातोडीने ठोकतात आणि मागे इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू असतो. असल्या व्यवस्था ध्वनीचा ठसा काढून साठवलेल्या लाखो ठशांशी ताडून पाहतात. कुणीतरी तशाच तानपुऱ्याचा 'ध्यानासाठी तानपुरा' असा ट्रॅक विकायला ठेवला असणार, आणि यंत्राला दोन्ही सा-प सारखेच वाटले. हरकत नोंदवल्यावर दावा मागे घेतला गेला. ते सोपं होतं. यंत्राशी भांडण झालं तरी पुढच्या दिवाळीला त्याच्या घरी फराळाला जायचं नसतं.

दुसरा फोन मंडळाच्या जुन्या सेक्रेटरींचा. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. "मंडळाचा कार्यक्रम होता तो. तुझ्या काकाला दीड हजार मोजलेत की. वहीत नोंद आहे. मंडळाचं नाव कुठं घातलंस?" मी काकांना सांगितलं तर ते उसळले. "कॅमेरा माझा, कॅसेट माझी, रात्री दोन वाजेपर्यंत पाय मोडून उभा होतो मी. मालक दुसरा कुठला?"

तिसरा फोन ताईंचा. ताई म्हणजे बाईंची मुलगी, पुण्याला असतात. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "छान उतरवलंयस रे. पण मला एकदा विचारायचंस."

मी तिन्ही भाग त्याच रात्री खाली उतरवले. मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. ऑफिसात कुणी इंटरनेटवरून कोड उचलून आणला तर मी पहिला प्रश्न विचारतो, 'लायसन्स काय आहे?' लायसन्सची फाइल नसेल तर सर्व हक्क राखीव आहेत असं धरायचं, हे नव्या पोरांना शिकवणारा मीच. आणि बाईंच्या गाण्याच्या बाबतीत, घरचंच आहे म्हणून, सरळ टाकून मोकळा झालो.

मग मी १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचायला घेतला. मी वकील नाही. पण कायदा म्हणजे शेवटी एक जुना, बऱ्याच जणांनी दुरुस्त केलेला कोडच असतो. हळूहळू वाचला तर समजतो. आणि आपल्या सीमाभागातल्या माणसाला एक दिलासा आहे. हा कायदा केंद्राचा, त्यामुळे निपाणीत एक आणि कागलला दुसरा असं नाही.

काकांना सर्वांत जास्त झोंबलेली गोष्ट आधी सांगतो. टेप कुणाची आणि टेपवरचा चित्रपट कुणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. (हो, कायद्याच्या भाषेत काकांचं शूटिंग हा चित्रपटच. व्हिडिओ त्यात येतो.) चित्रपटाचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्याला धरतो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याला. पण सतराव्या कलमात म्हटलंय की मोबदला देऊन, कुणाच्या सांगण्यावरून चित्रपट बनवला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे वहीतल्या त्या दीड हजारांच्या नोंदीला वजन आहे. १९९८ च्या मैफलीचा चित्रपट मंडळाचा, प्लॅस्टिकची कॅसेट काकांची. सेक्रेटरींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, वह्या जपून ठेवाव्या लागतात." आता ते मंडळ २००१ सालीच बंद पडलंय आणि त्याची नोंदणीही कधी झाली नव्हती. मग मालक कोण? उरलेले चार म्हातारे सभासद. त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

पण गाणाऱ्याचं काय? इथे मला खरा धक्का बसला. आपल्याकडे गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असा कायद्याने फार उशिरा दिला. १९७८ साली मुंबई उच्च न्यायालयात फॉर्च्यून फिल्म्स विरुद्ध देव आनंद असा खटला चालला. नटाच्या कामाला स्वतंत्र कॉपीराइट नाही, असं त्यात ठरलं. तोवर कायद्यात तसा शब्दच नव्हता. तो आला १९९४ च्या दुरुस्तीने, आणि ती लागू झाली १९९५ च्या मे महिन्यात. सुरुवातीला मुदत २५ वर्षं होती, पुढे ती ५० वर्षं झाली. २०१२ साली आणखी दुरुस्ती होऊन कलाकाराला नैतिक हक्कही मिळाले, म्हणजे आपलं नाव लागलं पाहिजे आणि आपल्या कलेची विटंबना होऊ नये, असं म्हणण्याचा हक्क.

थोडा हिशेब करा. बाईंची मैफल १९९८ ची. पन्नास वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजायची. म्हणजे २०४८ च्या अखेरपर्यंत त्या गाण्यावर बाईंचा, म्हणजे आता त्यांच्या वारसाचा, हक्क आहे. कलाकाराने चित्रपटासाठी लेखी संमती दिली असेल तर पुढे निर्मात्याला अडवता येत नाही. तो शब्द 'लेखी' आहे, मंडळी. निपाणीच्या गणेशोत्सवात लेखी कोण देणार? बाईंना नारळ, शाल आणि पाकीट दिलं होतं. काकांनी तेही शूट केलंय. पाकीट दिसतं, पण त्यावर काही लिहिलेलं दिसत नाही.

नैतिक हक्कांबद्दल वाचून मात्र मी काकांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. कारण १९९६ च्या एका कॅसेटमध्ये, विलंबित ऐन रंगात आलं असताना, बाईंचा चेहरा कमळातून उमलतो आणि पुढच्या समेवर गोल गोल फिरत निघून जातो. काकांकडे तेव्हा नवीन मिक्सर आला होता.

बरं, एवढ्यावर गाडी थांबत नाही. मैफलीत गायलेल्या चीजांचा प्रश्न वेगळाच. पारंपरिक बंदिश असेल तर कुणाचीच हरकत नाही. 'सौभद्र'मधलं पद असेल तरीही मोकळं आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ सालीच गेले. (ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. हे मी संधी मिळेल तिथे सांगतो.) पण भैरवीऐवजी शेवटी अभंग झाला असेल तर जपून. भीमसेनजींनी घरोघर पोहोचवलेल्या कितीतरी अभंगांचे शब्द संतांचे असले तरी चाली राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या आहेत. खळेकाका २०११ साली गेले. त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत चालेल. मी असेन की नाही माहीत नाही.

म्हणजे एका कॅसेटवर निदान चार माणसांचा पाय आहे. यातला कुणीही एकटा 'माझं आहे, वाटतो' म्हणू शकत नाही, आणि कुणीही एकटा ते थांबवू शकतो. काकांनी हे ऐकल्यावर चहा अर्धा टाकून उठले. अबोला तिथून सुरू झाला.

अबोल्याच्या त्या दिवसांत मी एक वेगळा विचार करू लागलो. कायदा १९९५ ला आला, पण 'माझं गाणं कुणी कुठे न्यायचं हे मी ठरवणार' ही गोष्ट आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे. निपाणीपासून चाळीस किलोमीटरवर कोल्हापूर. तिथे शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते, ज्यांच्यापासून बाईंच्या घराण्याची परंपरा सुरू होते. त्यांनी आपलं गाणं मुद्रित करू दिलं नाही. १९४६ साली खाँसाहेब गेले आणि आवाज त्यांच्याबरोबर गेला. त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, मुद्रणाच्या बाबतीत अत्यंत कडक म्हणून प्रसिद्ध. जी थोडी मुद्रणं झाली त्यातली त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेबाहेर निघाली. आणि त्यांच्या मैफलींची खाजगी मुद्रणं आज रसिकांमध्ये हातोहात फिरतात, हीदेखील खरीच गोष्ट. मी स्वतः ऐकलीत. ऐकताना मनात चोरट्यासारखं वाटतं आणि तरीही थांबवत नाही.

याच घराण्याचे पं. मल्लिकार्जुन मन्सूर, धारवाडचे. त्यांचं गाणं आपल्याला भरपूर मिळालं, नंदन कुढ्याडी यांचा 'रसयात्रा' हा माहितीपटही आहे. आणि बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले आपले कुमारजी. जब्बार पटेलांनी त्यांच्यावर फिल्म्स डिव्हिजनसाठी 'हंस अकेला' केला. गुलजारांनी भीमसेनजींवर केला तोही फिल्म्स डिव्हिजनचाच. असे चित्रपट सरकारी. त्यांचा पहिला मालक सरकार, प्रकाशनानंतर साठ वर्षं. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत विलीन झालं, तेव्हा हा सगळा साठा तिकडे गेला. दूरदर्शन-आकाशवाणीच्या संग्रहातलंही पुष्कळ काही प्रसार भारती आता लोकांसाठी खुलं करतेय. थोडक्यात, मोठ्या कलाकारांच्या मागे काहीतरी संस्था होती, करार होते, फाइल होती. आपल्या गावच्या बाईंच्या मागे एक मंडळ, एक वही आणि आमचे काका.

मोठ्यांचंही सगळं सुरळीत असतं असं मात्र नाही. अमेरिकेतल्या गायिका अरेथा फ्रँकलिन यांनी १९७२ साली लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गायलं. चित्रीकरण केलं सिडनी पोलॅक या नावाजलेल्या दिग्दर्शकाने. पण शूटिंग करताना क्लॅपबोर्ड वापरला नाही, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळवता येईनात. (हे वाचून काकांना फार आनंद झाला. "आम्ही आवाज कॅमेऱ्यातच घ्यायचो की!") रिळं कितीतरी वर्षं कंपनीच्या गोदामात पडली. पुढे तंत्रज्ञानाने ते जुळलं, एका निर्मात्याने हक्क मिळवले, आणि चित्रपट दाखवायची वेळ आली तेव्हा अरेथाबाई कोर्टात गेल्या. २०१५ साली एका महोत्सवातला खेळ कोर्टाच्या मनाईने ऐन वेळी रद्द झाला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्या वारल्या आणि नोव्हेंबरमध्ये, घरच्यांच्या संमतीने, चित्रपट लोकांसमोर आला. आज तो संगीताच्या उत्तम चित्रपटांमध्ये गणला जातो. मी पाहिला. अप्रतिम आहे. पण ज्यांचा आहे त्या जिवंत असेपर्यंत नको म्हणत होत्या, आणि त्यांच्यामागे तीन महिन्यांत तो आला. घरच्यांना तो हक्क होता. मला त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही आणि बरोबर होतं असंही पटकन म्हणवत नाही.

हे सगळं मी का सांगतोय, तर नवव्या कॅसेटमुळे.

नवव्या कॅसेटवर लेबल नाही. २००३ चं चित्रण आहे, बाईंच्या घरातलं. काका त्यांच्याकडे नवीन कॅमेरा दाखवायला गेले होते. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. म्हणजे कायद्याने पाहिलं तर या एका कॅसेटचे निर्माते आणि मालक काका, निर्विवाद. बाईंना त्याआधी वर्षभर अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. घरातली साडी, केस मोकळे, खाटेवर बसलेल्या. हात थरथरतोय. काका कॅमेरा लावतात तशा त्या हसून म्हणतात, "हे कुणाला दाखवू नकोस हं." आणि मग, काका काही बोलायच्या आत, गायला लागतात. अकरा-बारा मिनिटं. आवाज लागत नाही, शब्द आठवत नाही, मध्येच तबला नसताना हाताने ताल देतात, चुकतात, स्वतःवर चिडतात, पुन्हा सुरू करतात. ती त्यांची स्वतःची बंदिश आहे. शब्द त्यांचे, चाल त्यांची. कुणाला शिकवलेली नाही. आईला मी फोनवरून थोडी ऐकवली तर ती म्हणाली, "ही आम्हाला कधीच दिली नाही बाईंनी."

आता बघा. टेप आणि चित्रपट काकांचे. सादरीकरणाचा हक्क बाईंचा, २०५३ पर्यंत. बंदिशीचा हक्कही बाईंचा. दोन्हीची वारस ताई. खाजगी वापरासाठी चित्रण करायला कायद्याची मुभा आहे, त्यामुळे काकांनी गुन्हा केला नाही. फक्त ते घराबाहेर काढता येत नाही. चित्रपटाची मुदत तर प्रकाशनापासून मोजतात. ट्रंकेतली टेप कधी प्रकाशितच झाली नाही, म्हणजे तिचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. कायद्याला घाई नाही. घाई फक्त टेपला आहे, बुरशी लागते तिला.

आईच्या बरोबरच्या तीन बायका अजून गातात. त्यांना ती बंदिश हवी आहे. हक्काने मागतात त्या, आमच्या बाईंची आहे म्हणून. काकांचं म्हणणं असं की बाई 'दाखवू नकोस' म्हणाल्या ते केस विंचरले नव्हते म्हणून, गाण्याबद्दल नव्हे. गाणं द्यायचं नसतं तर त्या गायल्याच नसत्या. ताईंचं म्हणणं, आई आयुष्यात कधी तानपुरा जुळल्याशिवाय तोंड उघडत नव्हती. तिला ओळखणारं कुणीही सांगेल, 'दाखवू नकोस' म्हणजे दाखवू नकोस. दोघंही तिथे नेहमी असणारी, दोघंही बाईंना ओळखणारी. मी ते एक वाक्य कितीतरी वेळा मागे-पुढे करून ऐकलं. मला काहीच कळलं नाही. हसत म्हणतात एवढं नक्की.

अबोला कसा सुटला? गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज यांचं संगीताच्या मुद्रणांचं संग्रहालय आहे, १९८२ साली सुरू झालेलं. तिथे मुद्रण ठेवायला दिलं म्हणून मालकी त्यांच्याकडे जात नाही. कुणाला ऐकू द्यायचं, कुणाला प्रत द्यायची, हे ठेवणारा ठरवतो आणि ते कागदावर उतरतं. ते वाचून सुचलं की आपणही एक कागद करावा. गणपतीत निपाणीला ताईंना बोलावलं. सेक्रेटरी आले. काका आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. चहा झाल्यावर बाहेर आले.

कागद एक पानाचा झाला. १९९८ सकट बाकीच्या मैफली ठेवायच्या, विद्यार्थ्यांना आणि गावाला मोफत ऐकवायच्या, विकायच्या नाहीत. मंडळाचं, काकांचं आणि साथीदारांचं नाव प्रत्येक ठिकाणी. साथीदारांच्या घरी जाऊन त्यांची वा वारसांची सही घ्यायची, कारण तबलजीलाही बाईंइतकाच हक्क आहे आणि ते कुणाच्याच लक्षात नव्हतं. मुदत आणि प्रदेश मुद्दाम लिहिले. ते लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं आणि भारतापुरतं एवढंच धरतो, आणि आपली अर्धी पोरं तर दुबई आणि डॅलसला. सेक्रेटरींनी विचारलं, "स्टॅम्प पेपर कर्नाटकचा घ्यायचा का महाराष्ट्राचा?" ताई पुण्याच्या, मंडळ निपाणीचं. प्रश्न ऐकून सगळ्यांनाच हसू फुटलं आणि काका दोन महिन्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलले, "लेका, यावरून परत खटला नको."

साध्या कागदावर लेखी परवानगी चालते, हे मी त्यांना सांगितलं. तरी त्यांनी शंभराचा स्टॅम्प आणवलाच.

नववी कॅसेट त्या कागदात नाही. काकांनी ती उठून ताईंच्या हातात दिली. मी उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवर दिली आणि माझ्याकडची प्रत पुसली. त्या तीन बायकांचा विषय ताईंनीच काढला. आधी मी बघते, मग बंदिश मी स्वतः शिकून घेईन आणि त्यांना देईन, आईचा आवाज बाहेर जाणार नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आहे. ताई गात नाहीत. लहानपणी शिकत होत्या, आईशी भांडून सोडलं, पुढे बँकेत लागल्या. पण बाईंची पेटी त्यांच्याकडेच आहे.

परवा फोन आला होता. अजून पाहिलेली नाही म्हणाल्या. पेटीचा भाता फाटलाय, तो आधी दुरुस्तीला दिलाय.